विठोजीरावांचा कोबा आणि चेलोचा खिळा

कुणाला माणूस चेहऱ्यावरून कळतो, कुणाला बोलण्यावरून. विठोजीराव लाडांना तो पायांवरून कळतो. समोर कुणी आलं की त्यांची नजर आधी खाली जाते. टाचा फुटल्यात का, चालताना पाय घासतो का, आणि मुख्य म्हणजे चपला दाराबाहेर काढल्यात का, एवढी चौकशी झाली की मग ते सावकाश वर बघतात. अंबुबाईंना बघायला गेले तेव्हाही हेच झालं. घरी परतल्यावर "मुलगी कशी आहे?" असं विचारलं, तर ह्यांनी सांगितलं, "पाऊल हलकं आहे." चेहरा ह्यांनी थेट लग्नातच पाहिला, असं अंबुबाई अजून सांगतात. त्यात थोडं तिखटमीठ असावं.

पण दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजांबरोबर बेंगळूरला आलेली आणि परत जायचं राहूनच गेलेली जी घराणी आहेत, त्यांतलं हे एक. तलवार कधीच गेली, तिच्या जागी हातात गवंड्याची थापी आली. गेल्या चार पिढ्या लाड मंडळी तांबडा कोबा घालत आली. सिमेंटमध्ये तांबडी भुकटी कालवून, घोटून घोटून केलेली ती जमीन. उन्हाळ्यात पायाला गार, आणि जुनी होईल तशी अंगावर तेज चढत जाणारी. पुढे टाइल्सवाले आले आणि विठोजीरावांचं काम हळूहळू बंद पडलं. यशवंतपूरला त्यांचं स्वतःचं घर आहे. मुलानं हौसेनं तिथे चकचकीत टाइल्स बसवून घेतल्या, त्या दिवशी विठोजीराव जेवले नव्हते.

मल्लेश्वरममधल्या एका जुन्या दुमजली घराच्या माडीवर एक हॉल आहे. त्याचा कोबा हे विठोजीरावांच्या आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र काम. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. वडील, म्हणजे अप्पा, खिडकीत बसून राहिले आणि म्हणाले, तूच घाल. पहाटे सुरू केलेला कोबा दिवस मावळेपर्यंत एका दमात घातला. आख्ख्या हॉलमध्ये एकही जोड नाही. मग आठ दिवस त्यावर पाणी राखलं, नंतर खोबरेल चोळून चोळून चकाकी आणली. दहाव्या दिवशी अप्पांनी चपला काढल्या आणि ते हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालून आले. खिडकीपाशी जरा थांबले.

"सरी," म्हणाले, आणि बिडी ओढायला खाली निघून गेले.

सरी म्हणजे ठीक आहे. रिक्षावाला मीटरने यायला तयार झाला की आपण म्हणतो तेवढंच. पुढे चार वर्षांनी अप्पा गेले, पण त्या कोब्याबद्दल दुसरा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही. विठोजीरावांना आता बहात्तरावं लागलंय, तरी हे शल्य ताजं आहे. सणावाराला गोडधोड झालं की हमखास ते निघतं. "एक शब्द, अंबू! एवढ्या कोब्याला एक शब्द!" अंबुबाई वाढता वाढता मान हलवतात. पन्नास वर्षांत त्यांनी ही मान किती वेळा हलवली असेल ते देव जाणे.

घराचा आता ट्रस्ट झाला आहे आणि हॉल कार्यक्रमांना देतात. ट्रस्टनं विठोजीरावांना देखरेखीला ठेवलं. खरं म्हणजे त्यांनीच ट्रस्टला ठेवून घेतलं असं म्हणायला हवं. आठवड्यातून चार दिवस ते मेट्रोने येतात, फडकं पिळून गुडघ्यावर बसून कोबा पुसतात, आणि कुणी बूट घालून आत पाऊल टाकलं तर वयाचा मुलाहिजा न ठेवता कन्नडमधून असं काही बोलतात की पुढच्या वेळी तो माणूस जिन्याखालीच बूट काढतो.

अशा ह्या हॉलमध्ये एका रविवारी संध्याकाळी सुचेताबाई आल्या आणि सोबत चेलो आला.

सुचेताबाई मूळच्या पुण्याच्या. एचएसआर लेआउटमध्ये राहतात आणि मुलांना चेलो शिकवतात. त्यांनी सहा रविवारांची मालिका ठरवली होती. तीनशे वर्षांपूर्वी युरोपात बरोक नावाचा संगीताचा काळ होऊन गेला. त्या काळात एकट्या चेलोसाठी लिहिलेलं संगीत दर रविवारी एका विद्यार्थ्यानं वाजवायचं. साथीला पियानो नाही, कुणी नाही. आधी एक सुरुवातीचा तुकडा आणि मग ओळीनं पाच जुने नाच. विठोजीरावांनी हे सगळं ऐकून घेतलं. वाद्य त्यांना आवडलं. चांगलं शिसवी रंगाचं, कमरेत बारीक, माणसाएवढं. मग निहार नावाचा विद्यार्थी खुर्चीवर बसला आणि त्यानं त्या वाद्याच्या बुडातून वीतभर लांबीचा पोलादी खिळा बाहेर ओढला आणि कोब्यावर टेकवला.

कार्यक्रम संपेपर्यंत विठोजीराव कसे गप्प राहिले ते त्यांचं त्यांना माहीत. संपताच ते मंचाच्या जागी गेले, गुडघ्यावर बसले आणि बोटानं चाचपलं. बाजरीच्या दाण्याएवढा खड्डा.

"अक्का, हे काय केलात?"

"अय्या, तुम्ही मराठी?" सुचेताबाईंना आनंद झाला.

"मराठी राहू द्या ओ. हे भोक काय?"

"काका, ॲक्च्युअली तो एंडपिन फ्लोअरमध्ये रुतावाच लागतो. नाहीतर वाजवताना चेलो पुढे स्लाइड होतो."

"तर मग दुसरीकडे स्लाइड करून घ्या. पन्नास वर्षांत ह्याच्यावर कोण चरा पाडला नाही."

पुढच्या रविवारी सतरंजी घातली. आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा आला आणि सुचेताबाईंचा चेहरा पडला. तिसऱ्या आठवड्यापासून खिळ्याखाली रबराची जाड चकती आली. कोबाही वाचला आणि आवाजही. दोन्ही बाजूंनी तह झाला. विठोजीराव आता भिंतीला टेकून मांडी घालून ऐकू लागले, फक्त नजर चकतीवरून हलत नसे.

पाचवा रविवार मुग्धाचा होता. ही सोळा वर्षांची, हेब्बाळला राहणारी, आईवडील नागपूरहून नोकरीसाठी आलेले. हात अप्रतिम, पण पोर अशी की कुणाचा धक्का हिला लागला तर हीच सॉरी म्हणेल. दोन वर्षं तिचा कार्यक्रम ठरे आणि आदल्या दिवशी पोटात दुखायला लागे. ह्या वेळी तिनं स्वतःहून सांगितलं होतं, मला एकदा लोकांसमोर शेवटपर्यंत वाजवायचंय. हॉलची सवय व्हावी म्हणून ती महिनाभर दर शनिवारी दुपारी सरावाला येऊ लागली. ती एका टोकाला वाजवी, विठोजीराव दुसऱ्या टोकाला पुसत. पहिल्या दिवशी तिनं दाराबाहेर चपला काढून आतलं पाऊल असं जपून टाकलं होतं की विठोजीरावांनी वर बघायच्या आधीच तिला पास करून टाकलं.

तिसऱ्या शनिवारी त्यांना राहवलं नाही. इथल्या रीतीप्रमाणे ते लहान पोरींनाही अम्मा म्हणतात.

"अम्मा, तेच तेच दोनदा का वाजवतीस? विसरतीस काय?"

"सॉरी, तुम्हाला त्रास होतोय का?" मुग्धा थांबलीच. मग तिनं समजावून सांगितलं, की ह्या नाचांची पद्धतच तशी आहे. प्रत्येक अर्धा भाग दोनदा वाजवायचा. पहिल्यांदा लिहिलाय तसा साधा, आणि दुसऱ्यांदा त्यात आपल्या मनानं थोडी नक्षी घालायची.

विठोजीरावांनी फडकं बादलीत टाकलं. "थापीचं पण तस्संच की! पहिला हात फिरवला की कोबा बसतो. पाणी सुकायला आलं की दुसरा हात. तेज येतं ते दुसऱ्या हाताला. आमचे अप्पा म्हणायचे, दुसऱ्या हाताचा आळस केला तो खरा गारेवाला गवंडी नव्हे."

मुग्धा हसली. त्या दिवशी तिनं संथ नाचाचा तुकडा पुन्हा सुरू केला आणि दुसऱ्या वेळेला तिचा हात जरा मोकळा सुटला. विठोजीरावांनी लांबूनच बोट वर केलं. तेव्हापासून हा दोघांचा खेळच झाला. दुसरा हात चांगला पडला की बोट वर.

आता माया लागली की माणूस काय करतो? त्याला जे सगळ्यात चांगलं येतं ते करतो. सुगरण लाडू वळेल, सोनार बाळी घडवेल. मुग्धाच्या कार्यक्रमाच्या दिवशी विठोजीराव सकाळी घरातली खोबरेलाची मोठी बाटली पिशवीत घालून निघाले. आधीच्या चार पोरांसाठी त्यांनी नुसतं पाण्याचं फडकं फिरवलं होतं. आज चार तास गुडघ्यावर बसून, काथ्यानं, तळहातानं त्यांनी कोबा चोळला. लेकीच्या लग्नाला चोळावा तसा. संध्याकाळी दिवे लागले तेव्हा त्यात खिडकीच्या गजांचं प्रतिबिंब मोजता येत होतं. येणारा प्रत्येक जण दारातच कौतुकानं "अब्बा!" म्हणत होता, आणि विठोजीराव उगाच छताकडे बघत होते.

मुग्धानं सुरुवातीचा तुकडा सुरेख वाजवला. दोन नाच झाले. मग संथ नाच आला. पहिला भाग एकदा झाला. ती दुसऱ्यांदा सुरू झाली, हात मोकळा सुटला, विठोजीरावांचं बोट वर निघालं, आणि रबराची चकती तेलावरून सर्रकन पुढे गेली. चेलो तिच्या गुडघ्यांमधून निसटला. तो धरायला ती झुकली, तशी हातातली, तारांवर फिरवायची गजाची काठी खडखडत गेली आणि भिंतीला लागली. वाद्याला काही झालं नाही. चाळीस माणसं माना उंचावून बघू लागली.

"सॉरी," मुग्धा म्हणाली. "सॉरी. माझ्याकडून नीट धरलं गेलं नाही." आणि चेलो आडवा ठेवून ती जिना उतरून निघून गेली.

सुचेताबाई आल्या, चकती उचलून बघितली. "पुसून ठेवायला विसरली असेल," म्हणाल्या. विठोजीराव भिंतीपाशी उभे होते. दोन्ही तळहातांना अजून खोबरेलाचा वास येत होता. त्या क्षणी त्यांनी एक वाक्य बोलायला हवं होतं, ते ते बोलले नाहीत. सगळी माणसं खाली उतरून गेल्यावरही बोलले नाहीत.

सोमवारी त्यांनी उप्पिट्टाची बशी बाजूला सारली. मंगळवारी सुचेताबाईंचा फोन आला. शेवटच्या रविवारी गिरीराज नावाचा विद्यार्थी वाजवणार होता, त्याच्याआधी मुग्धानं पुन्हा वाजवावं असं त्यांनी सुचवून पाहिलं. पण पोरीनं चेलो पेटीत बंद केलाय आणि पेटी कपाटामागे सरकवलीय. म्हणते, मला लोकांसमोर जमतच नाही, हे आता सिद्ध झालं. विठोजीरावांनी फोन ठेवला तेव्हा अंबुबाई समोर रिकामी बाटली धरून उभ्या होत्या.

"अर्धा लिटर खोबरेल शनिवारी आणलेलं. कुठं गेलं ओ?"

विठोजीरावांनी बशी पुन्हा जवळ ओढली.

"तुमच्या डोक्याला एवढे केसपण नाहीत," अंबुबाई म्हणाल्या. मग त्याच खाली बसल्या. "पोरगी पडली म्हणालात ती तेलानं?"

"पडली नाही. सरकलं."

"आणि तुमी गप बसलात."

"माझा कोबा कधी कुणाला दगा दिला नाही, अंबू."

"कोबा नाही दिला. तुमी दिलात." अंबुबाईंनी बाटली टेबलावर ठेवली. "उठा. सदरा बदला."

हेब्बाळला मुग्धाचं घर अकराव्या मजल्यावर आहे. दार तिनंच उघडलं. आयुष्यात प्रथमच विठोजीरावांनी खाली काय फरशी आहे ते पाहिलं नाही. दारातच उभं राहून त्यांनी सांगून टाकलं.

"अम्मा, तुझी चूक नव्हती. मी तेल लावलो. बाकीच्यांना नाही लावलो, तुलाच लावलो, चांगलं दिसावं म्हणून. आणि सगळ्यांसमोर तू सॉरी म्हटलीस तेव्हा मी तोंड उघडलो नाही. मला लाज वाटली."

मुग्धानं दार सताड उघडलं. मग तिचे डोळे भरून आले आणि त्यातच ती हसायलाही लागली. "म्हणजे माझा हात नव्हता चुकला?"

"हात तर असा पडला होता की मी बोट वर करत होतो."

पण भीती अशी एका वाक्यानं जात नाही. ती म्हणाली, "आता वाजवताना माझं लक्ष सारखं खाली जाईल, आजोबा. चकती सरकतेय का, एवढंच बघत बसेन. मागे एकदा खिळा पट्ट्यानं खुर्चीला बांधून बघितला, तर खुर्चीच सरकते. नकोच ते."

विठोजीरावांनी खिसा चाचपला. मग म्हणाले, "तुझा चेलो आण. खुर्ची घे. बस तुझ्या रीतीनं."

ती बसली. विठोजीरावांनी खिशातून दोरी काढली आणि खुर्चीच्या पायापासून खिळ्याच्या टोकापर्यंत माप घेऊन गाठ मारली. कशासाठी ते सांगितलं नाही, रविवारी चेलो घेऊन ये, एवढंच म्हणाले.

बुधवारी सकाळी हॉलमध्ये ते एकटेच होते. ट्रस्टच्या सेक्रेटरींना फोन करून परवानगी मागितली होती. ते बिचारे म्हणाले, "विठोजीराव, त्या जमिनीला तुम्ही आम्हाला बोट लावू देत नाही, आम्ही तुम्हाला काय परवानगी देणार?" विठोजीरावांनी आधी सोड्याच्या गरम पाण्यानं सगळं तेल धुऊन काढलं. मग दोरी धरून जागा ठरवली, खडूनं फुली केली आणि छिन्नी टेकवली. हातोडी उचलली, परत खाली ठेवली. बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. बावन्न वर्षं ज्या कोब्यात एक जोड नाही असं ते येईल त्याला ऐकवत आले होते, त्यात ते स्वतः भोक पाडणार होते. ठिगळाचा रंग कधीच जुळत नाही, हे त्यांच्याइतकं बेंगळुरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिला घाव घातला तेव्हा त्यांच्या घशातून आवाज निघाला. दुसऱ्या घावाला निघाला नाही.

भोकात बसवायला त्यांनी पिशवीतून अप्पांचा ओळंबा काढला. ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीनं सोडतात तो पितळी भोवरा. घरात तो आता नुसता देव्हाऱ्याशेजारी असायचा. टोक खाली करून त्यांनी तो कोब्यात उतरवला. वर फक्त दोरी ओवायचं छिद्र असलेला रुपयाएवढा पितळी माथा राहिला. भोवती तांबडा माल भरला, एक हात फिरवला, पाणी सुकायची वाट बघितली, दुसरा हात फिरवला. त्यानंतर रोज जाऊन त्यावर ओलं फडकं ठेवलं. ठिगळाचा रंग अर्थातच जुळला नाही.

शेवटच्या रविवारी मुग्धा आली ती आईबाबांच्या मध्ये चालत, चेहरा उतरलेला. विठोजीराव तिला त्या जागी घेऊन गेले आणि बोटानं दाखवलं. तिनं वाकून पितळेला हात लावला. भोवतीची ती वेगळ्या रंगाची कडा बघितली. ह्या कोब्याची आख्खी कथा तिनं शनिवारी शनिवारी ऐकलेली होती.

"आजोबा, तुम्ही फोडलात?"

"आता काय बी होऊ दे, ते हलायचं नाही. तू खाली बघू नको. वर बघून वाजव."

सुरू करण्याआधी, मुग्धाकडून सगळं कळलेल्या सुचेताबाईंनी मागच्या रविवारची चूक कुणाची होती ते सांगायला तोंड उघडलं, पण विठोजीराव मध्येच उभे राहिले आणि चाळीस माणसांना त्यांनी स्वतः सांगितलं. कन्नडमध्ये सांगितलं, मग मराठीत सांगितलं, आणि हिंदीत सांगायला लागले तेव्हा अंबुबाईंनी सदरा ओढून खाली बसवलं. लोक हसले. मुग्धाही हसली. मग तिनं खिळा ओळंब्याच्या छिद्रात टेकवला. टक्क असा आवाज झाला.

विठोजीरावांनी भिंतीशी बसून तळहात जमिनीवर ठेवला होता. हॉल माडीवरचा, खाली लाकडी तुळया. गजाची काठी तारेवर पडली आणि कोबा त्यांच्या हाताखाली अगदी बारीक थरथरला. चकतीनं आणि सतरंजीनं इतके दिवस जे अडवलं होतं ते खिळ्यातून, अप्पांच्या ओळंब्यातून त्यांच्यापर्यंत आलं. त्यांनी अंबुबाईंचा हात धरून तोही जमिनीवर ठेवला.

संथ नाच आला. पहिला भाग साधा गेला. दुसऱ्यांदा मुग्धानं वर छताकडे बघत अशी नक्षी काढली की सुचेताबाईंनी डोळे मिटले. विठोजीराव बोट वर करायला विसरले. त्यांना दिसतच नव्हतं नीट. पोरीनं शेवटचा नाच संपेपर्यंत एकदाही खाली बघितलं नाही.

टाळ्या थांबल्या. मुग्धा चेलो ठेवून अनवाणी, सगळा हॉल ओलांडून त्यांच्यापाशी आली.

"आजोबा, कसं झालं?"

विठोजीरावांजवळ सांगायला खूप होतं. अप्पांनी आपल्याला सांगायला हवं होतं असं जे जे त्यांनी बावन्न वर्षं मनात जुळवून ठेवलं होतं, ते सगळं ह्या पोरीला सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं. घसा इतका दाटला होता की त्यातून एवढंच बाहेर आलं.

"सरी."

आणि ते खिडकीकडे वळले. खिडकीपाशी थांबलेल्या अप्पांचा घसाही त्या दिवशी असाच दाटला असेल, बिडी नुसती निमित्ताला होती, हे बहात्तराव्या वर्षी त्यांच्या ध्यानात आलं. गज धरून ते बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

मुग्धानं गोंधळून अंबुबाईंकडे बघितलं. "सरी म्हणजे... चांगलं झालं ना?"

अंबुबाईंनी तिला जवळ ओढून घेतलं. "अगं, लाडांच्या घरात ह्याच्या वरचा शब्दच नाही."